परतीची फेरी सांगितलीत का?

अमेरिकेत आईवडील राहायला आले आणि त्यातलं एक व्हीलचेअरवर असलं, की पॅराट्रान्झिटची गाडी (साध्या बसने जाणं जमत नाही अशा अपंगांसाठी शहराची बससेवा चालवते ती, फोन करून मागवायची) कधी ना कधी मागवावी लागतेच. मी पहिल्यांदा मागवली तेव्हा जायची वेळ, पत्ता, दवाखान्याचं कुठलं दार, सगळं चोख सांगितलं. यायचं सांगितलंच नाही. म्हटलं, नेणारा आणणारच. पण इथे प्रत्येक फेरी वेगळी मागावी लागते. पावणेसहाला दवाखान्यातले दिवे एकेक बंद होत होते आणि आई मांडीवर पर्स धरून मलाच धीर देत होती.

तेव्हा फोन लागला की पहिलं वाक्य: दोन फेऱ्या हव्यात. आदल्या दिवशी कार्यालयाच्या वेळेत मागितली तर गाडी देणं त्यांना भाग आहे. त्याच दिवशी मागितली तर नाही. माझी सगळी गयावया तिथेच संपली.

पाहुण्यांना ३६५ दिवसांत २१ दिवस ही सेवा मिळते, सलगच वापरायला हवेत असं नाही. व्हीलचेअर समोर दिसतेय तिथे डॉक्टरचा कागद लागत नाही. अपंगत्व वरवर दिसत नसेल तर जवळ ठेवा.

पत्ता बसमार्गापासून पाऊण मैलाच्या आत हवा आणि वेळही बस धावते तीच. रविवारी त्या मार्गावर बस नसेल तर ही गाडीही विसरा. जायचं कारण पाहून मात्र कुणाला मागेपुढे करता येत नाही, डायलिसिस असो की देऊळ.

वेळेत ते तासाभराचं मागेपुढे करू शकतात, म्हणून 'इतक्या वाजता पोहोचायचंय' असंच सांगा. आणि परतीची वेळ (हो, पुन्हा परतीचीच) सढळ हाताने द्या. डॉक्टर उशीर करणारच. गाडी बहुतेक ठिकाणी पाचच मिनिटं थांबते, मग तुमच्या नावावर 'नो-शो', म्हणजे गाडी मागवून आलाच नाहीत असा शेरा, लागतो. चूक तुमची नसेल तर त्याच दिवशी फोन करून तो काढायला लावा.

मदतनिसाला भाडं नाही, पण तो येणार हे बुकिंग करतानाच सांगायचं. भाडं साध्या बसच्या दुपटीपेक्षा जास्त नसतं.

खुर्ची बांधायचं काम ड्रायव्हरचं. तरी बघत उभे राहा: पट्टे सांगाड्याला लागले पाहिजेत, चाकाच्या आऱ्यांना किंवा निघणाऱ्या पायटेकूला नव्हे. आईच्या खुर्चीला मी चार जागी लाल रिबीन बांधली आहे. ड्रायव्हर वाकतो, रिबीन दिसते, आकडा तिथेच अडकवतो. वाद नाही.

साध्या बसचा नंबर आणि जवळचा थांबा लिहून ठेवा. त्या संध्याकाळी आम्ही तिनेच घरी आलो. रॅम्प खाली आला, पुढच्या सीटा दुमडून जागा झाली, आई वर. हे सुचायला मला सव्वा तास लागला.

बाकी नेहमीचंच. शाल, औषधं, पाणी, चार्ज केलेला फोन. परतीच्या बुकिंगचा नंबर कागदावर, आणि तो कागद आईच्या पर्समध्ये, तुमच्या खिशात नाही.