अमेरिकन माणूस ‘कॅन’ म्हणाला की ‘कॅन्ट’?

अमेरिकन क्लायंटशी फोनवर बोलताना हमखास घोळ होतो: काम जमेल म्हणाला की जमणार नाही? ‘कॅन्ट’मधला शेवटचा ‘ट’ ते जवळजवळ गिळतात आणि आपण त्याचीच वाट बघत बसतो.

‘ट’चा नाद सोडा, स्वर ऐका.

१. होकार असेल तर शब्द घाईत उरकतात: ‘आय कन् सेंड इट टुडे’. जोर सगळा ‘सेंड’वर.

२. नकार असेल तर ‘कॅ’ ठसठशीत येतो आणि पुढच्या शब्दाआधी आवाज क्षणभर अडतो: ‘आय कॅन... सेंड इट टुडे’.

गंमत म्हणजे आपण होकारातही ठासून ‘कॅन’ म्हणतो, त्यामुळे समोरच्याला उलटाच अर्थ लागू शकतो. म्हणून नकार द्यायचा तर सरळ ‘कॅनॉट’ म्हणा. लंडनकडची माणसं ‘कान्ट’ असा लांब ‘आ’ लावतात, तिथे ही भानगड नाही.

एक सांभाळा: ‘येस, आय कॅन’सारख्या वाक्यात शेवटी आलेला ‘कॅन’ होकारातही पूर्ण उच्चारतात. तिथे आधीच्या ‘येस’-‘नो’कडे कान ठेवा. पैशांचा किंवा तारखेचा मामला असेल, तर ‘सो यू कॅनॉट?’ असं विचारून घ्या आणि फोन ठेवल्यावर दोन ओळींची मेल टाका.