ॲटॅकस पतंगांची नोंद करताना या चुका टाळा

भिंतीवर वीतभर रुंद तांबूस पतंग दिसला की लगेच ‘ॲटलास’ म्हणून नोंद होते. घोटाळा इथूनच सुरू होतो. ॲटलास ही ॲटॅकस वंशातली फक्त एक जाती. स्वीडिश वर्गीकरणतज्ज्ञ लिनियसने १७५८ मध्ये तिचं वर्णन केलं. तिच्या सख्ख्या नात्यातल्या बऱ्याच जाती आहेत आणि त्यांतल्या कित्येक एखाद्या बेटापुरत्या किंवा द्वीपसमूहापुरत्या. अंदमानात मॅकमुलेनी, फिलिपिन्समध्ये सीझर, ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात वॉर्डी. दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत टॅप्रोबॅनिस असते, म्हणून पश्चिम घाटातला फोटो आला तर आधी तिचा विचार करा.

पण नुसत्या ठिकाणावरूनही नाव ठोकून देऊ नका. रंगाची छटा तर फारच फसवी. एकाच मादीच्या पिल्लांत ती बदलते. पंखांवरच्या त्रिकोणी खिडक्या नीट बघा. तिथे खवले जवळजवळ नसतात, त्यामुळे पंखाखालच्या कागदावरची अक्षरं आरपार वाचता येतात. पुढच्या पंखावर मोठ्या खिडकीशेजारी कधी एक बारकी खिडकीही असते, कधी नसते. तिच्यावरून जात ठरवणं ही मला वारंवार दिसणारी चूक. जवळच्या जातींचा खरा निवाडा नराच्या जननांगांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच होतो. ते शक्य नसेल तर ‘ॲटॅकस, जाती अनिश्चित’ एवढंच लिहा. यात कमीपणा नाही, चुकीच्या नावापेक्षा ही नोंद कितीतरी कामाची.

खिडक्या दिसल्या म्हणजे ॲटॅकसच, असंही नाही. ईशान्य भारतातला गडद चॉकलेटी, पांढऱ्या पोटाचा पतंग आर्किओॲटॅकस वंशातला. अमेरिका खंडातले खिडकीवाले रॉथ्सचाइल्डिया.

जुन्या पुस्तकांतून यादी उतरवताना तर विशेष जपा. एकोणिसाव्या शतकात एरी आणि टसर रेशमाचे पतंगही ॲटॅकस याच नावाखाली छापले जात. आज ते सामिया आणि अँथेरिया या वंशांत आहेत. जुनं नाव तसंच उचललं, तर नकाशावर नको तिथे ठिपके पडतात.

शेवटचं, माणसाने नेलेले पतंग. जुलै २०२२ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यू इथे एक ॲटलास सापडला. प्रौढ पतंग काही खात नाही, जेमतेम आठवडा-दोन आठवडे जगतो. आशियातून तो उडत गेला असणं शक्यच नाही. अशी नोंद जरूर ठेवा, पण ‘नैसर्गिक वितरण’ या रकान्यात नको.