जुन्या घोस्टने घरच्या कॉम्प्युटरची इमेज घेताना

नॉर्टन घोस्ट, म्हणजे अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत (इमेज) फाईलमध्ये घेणारं सॉफ्टवेअर, सिमँटेकने २०१३ मध्येच बंद केलं, पण घरात अजून विंडोज एक्सपीवालं मशीन चालू असेल तर घोस्ट २००३ ची बूट सीडी आजही मस्त काम देते, कारण ती विंडोज चालू नसताना इमेज घेते, त्यामुळे फाईल वापरात आहे म्हणून कॉपी होत नाही वगैरे भानगडच नाही.

सगळ्यात आधी सीडीवरून मशीन चालू करा आणि हार्ड डिस्क, बाहेरची यूएसबी डिस्क दोन्ही दिसतायत का तेवढंच बघा. हे डिस्क मेल्यावर नाही, आत्ता बघायचं. साटा (सीरियल एटीए) जोडणीची डिस्क दिसली नाही तर बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, डिस्कचा मोड एएचसीआयवरून जुन्या आयडीईवर करून बघा, काम झालं की परत होतं तसं करा, नाहीतर विंडोज निळी स्क्रीन दाखवेल.

मग घोस्टच्या मेनूत लोकल, डिस्क, टू इमेज निवडा. नुसत्या पार्टिशनची (डिस्कच्या एका भागाची, उदा. सी ड्राइव्हची) इमेज घेऊ नका, उद्या नवी कोरी डिस्क लावावी लागली तर बूट व्हायला वांधे होतात, आणि पूर्ण डिस्कच्या इमेजमधून हवं ते एकच पार्टिशन नंतर काढता येतंच. शेजारचं टू डिस्क (डिस्कवरून थेट डिस्कवर) चुकूनही दाबू नका, तिथे सोर्स आणि डेस्टिनेशन उलटं झालं की रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर चढते आणि खेळ खल्लास! डिस्क ओळखताना नंबरावर जाऊ नका, साइझ बघा. कॉम्प्रेशन फास्ट पुरे, हायला वेळ फार लागतो. मोठ्या इमेजचे २ जीबीचे तुकडे पडतात, पहिल्याचं एक्स्टेन्शन जीएचओ आणि पुढच्यांचं जीएचएस, ते सगळे एकाच फोल्डरमध्ये ठेवा.

इमेज झाली की चेक मेनूतून इमेज फाईल तपासा, कंटाळा आला तरी. मग ती घोस्ट एक्सप्लोररमध्ये (इमेजमधल्या फाईली दाखवणारा घोस्टचाच विंडोज प्रोग्रॅम) उघडून दोनचार फोटो बाहेर काढून बघा. जादा डिस्क पडली असेल तर तिच्यावर इमेज रिस्टोअर करून (परत उतरवून) मशीन चालू होतं का बघा, खरी परीक्षा तीच.

रिस्टोअर म्हणजे मेनूतलं फ्रॉम इमेज, त्यात समोरच्या डिस्कवरचं सगळं जातं, म्हणून मशीन अजून चालू होत असेल तर इमेजनंतरच्या फाईली आधी बाजूला काढा.

यूईएफआय (बायोसची नवी जागा घेणारं), जीपीटी (पार्टिशनची नवी पद्धत), एनव्हीएमई (नव्या वेगवान एसएसडी) वाल्या नव्या मशीनवर मात्र घोस्ट २००३ च्या नादी लागू नका, तिथे क्लोनझिला हे इमेज घेणारं सॉफ्टवेअर वापरा, फुकट आहे.