हनीक्रिस्प सफरचंद कसे निवडावे आणि घरी कसे टिकवावे

मिनेसोटा विद्यापीठात १९६० साली केलेल्या एका संकरातून निघालेले आणि १९९१ साली बागायतदारांच्या हाती आलेले हनीक्रिस्प हे सफरचंद आज अमेरिकेत नेहमीच्या जातींपेक्षा महाग विकले जाते. त्याच्या गरातील पेशी इतर सफरचंदांच्या पेशींपेक्षा मोठ्या असतात आणि चावताना त्या नुसत्या सुट्या न होता फुटतात, म्हणून पहिल्याच घासाला रस तोंडात येतो. मात्र हे फळ जितके करकरीत तितकेच नाजूक आहे.

निवडताना लाल रंगावर विसंबू नये. लालीच्या मधून दिसणारा सालीचा मूळ रंग पाहावा. तो गर्द हिरवा असेल तर फळ अपक्व आहे आणि त्यात गोडी कमी असेल. तो फिकट पिवळसर झाला असेल तर फळ तयार आहे. मिनेसोटात ही जात साधारणपणे सप्टेंबरच्या उत्तरार्धात पिकते, पण एकाच झाडावरची सगळी फळे एकदम तयार होत नाहीत. त्यामुळे बागेत जाऊन स्वतः फळे तोडणाऱ्यांनी प्रत्येक फळ वेगळे पारखावे, ते तळहातात धरून वर उचलत किंचित फिरवावे आणि ओढून फांदी झटकू नये. साल पातळ असल्याने एका फळाचे देठ शेजारच्या फळात सहज घुसते. व्यावसायिक बागांमध्ये याच कारणासाठी देठ कात्रीने आखूड करतात. घरी आणायच्या फळांची टोपली खच्चून भरू नये, एवढी काळजी पुरेशी आहे.

सालीवर, विशेषतः देठाच्या विरुद्ध टोकाकडे, बारीक खोलगट तपकिरी ठिपके दिसले तर ते फळ घेऊ नये. फळाला कॅल्शियम कमी पडल्यामुळे होणारा हा दोष आहे. त्याला बिटर पिट म्हणतात आणि त्या ठिकाणचा गर कडवट लागतो. फार मोठ्या फळांत हा दोष अधिक आढळतो. म्हणून डोळ्यांत भरणाऱ्या थोराड फळांपेक्षा मध्यम आकाराची फळे घेणे मला शहाणपणाचे वाटते. मोठी फळे आलीच तर ती आधी संपवावीत.

साठवण हा या जातीचा सर्वांत अवघड भाग आहे. ताजे तोडलेले हनीक्रिस्प लगेच कडक थंडीत ठेवले, तर सालीवर पोळल्यासारखे तपकिरी पट्टे उमटतात किंवा गर आतून ओलसर, तपकिरी पडतो. हे टाळण्यासाठी शीतगृहांत फळे आधी सुमारे १० अंश सेल्सियसला आठवडाभर ठेवून मग ३ अंशांच्या आसपास नेतात. घरी तोडून आणलेली फळे पाच-सात दिवस गॅरेज किंवा तळघरासारख्या थंड जागी ठेवून मग फ्रिजमध्ये हलवावीत. या मधल्या काळात बिटर पिट थोडे वाढू शकते, तेव्हा ठिपकेवाली फळे रोज बघून बाजूला काढावीत. दुकानातून आणलेल्या फळांना हा उपचार लागत नाही. ती थेट फ्रिजमध्ये जाऊ शकतात.

फ्रिजमध्ये फळे न धुता, भोके असलेल्या पिशवीत घालून खालच्या कप्प्यात ठेवावीत आणि खाण्यापूर्वीच धुवावीत. सफरचंदातून बाहेर पडणाऱ्या इथिलीन वायूमुळे गाजरे कडवट होतात आणि कोथिंबीर लवकर पिवळी पडते, म्हणून भाजीचा कप्पा वेगळा असलेला बरा. नीट ठेवलेल्या हनीक्रिस्पचा करकरीतपणा कित्येक महिने टिकतो, पण आंबटपणा हळूहळू उतरत जातो आणि चव सपाट होते, तेव्हा केवळ फळ कडक आहे म्हणून ते ठेवून देऊ नये.

शिजवून लगदा करण्यासाठी एवढे महाग फळ वापरण्यात अर्थ नाही. कच्चे खाण्यातच त्याचे मोल आहे. कोशिंबीर करायची असेल तर फोडी साल ठेवून बारीक चिराव्यात, लगेच लिंबाचा रस लावावा आणि दही व मीठ अगदी वाढण्याच्या वेळी घालावे, कारण मीठ लागताच फोडींना भरपूर पाणी सुटते.