पुळणीवरचं वर्गीकरण: लहान मुलांना गट करायला कसं शिकवावं

वर्गीकरण शिकवायचं म्हणून प्लास्टिकच्या रंगीत ठोकळ्यांचा संच आणायची कोकणात तरी काही गरज नाही. ठोकळ्यांचे गट कारखान्यातच ठरलेले असतात: लाल, पिवळा, निळा. मुलाने ते फक्त ओळखायचे. पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूत, सापडलेला शिंपला मात्र धड पांढराही नसतो आणि धड तपकिरीही नसतो. तो कुठल्या ढिगात टाकायचा हे मुलालाच ठरवावं लागतं. विज्ञानाची सुरुवात या ठरवण्यात आहे, म्हणून ते काम मोठ्यांनी आपल्याकडे घेऊ नये.

ओहोटीच्या वेळी जा. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा कालच्या वेळेवर विसंबू नका. गावातल्या कोणत्याही कोळीदादांना विचारा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त खाली जातं आणि गोळा करायला भरपूर मिळतं. पावसाळ्यात किनाऱ्यावरचा हा खेळ पूर्ण बंद ठेवा. उचलायचं ते रिकामं. आत जीव असलेल्या शंखाला हात लावायचा नाही, काही शंखांचा दंश विषारी असतो. वाळूत पडलेल्या जेलीफिशलाही शिवायचं नाही, ती मेलेली दिसली तरी डंख करू शकते.

पंधरा-वीस वस्तू पुरेत. शिंपले, पिळाचे शंख, समुद्रफेणाचा तुकडा, कुर्लीचं कवच, जांभ्याचा खडा, सुरूच्या बनातलं एखादं बोंड. सगळं एका सुपात ठेवा आणि म्हणा, “तुला वाटतील तसे ढीग लाव.” यानंतर गप्प बसायचं. आपल्याला हे सगळ्यात जड जातं, पण “अगं, तो इकडे ठेव ना” एवढं एक वाक्यसुद्धा खेळ संपवायला पुरतं.

ढीग लागले की विचारा, “हे सगळे एकत्र का?” चार वर्षांचं मूल बहुधा गोष्ट सांगेल: ही आई, ही तिची पिल्लं. ते चूक म्हणू नका. “पिल्लं कोणती, ते कसं ओळखलंस?” असं विचारलं की उत्तर येतं, “ती लहान आहेत.” गोष्टीतून नियम बाहेर आला. आता नवा शिंपला हातात द्या आणि तो कुठे जाईल ते विचारा. त्याच नियमाने मुलाने तो बरोबर ठेवला, तर नियम त्याला कळला आहे.

पुढची पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सगळे ढीग मोडा आणि “आता वेगळ्या तऱ्हेने लाव” म्हणा. मघाशी रंगावरून लावले असतील तर आता आकारावरून, खरखरीत-गुळगुळीत असे, किंवा दोन झडपांचे आणि पिळाचे असे. वस्तू त्याच राहतात, बदलतो तो आपण विचारलेला प्रश्न.

भोकं असलेले शिंपले वेगळे काढायला सांगा. मुली माळ ओवायला हेच वेचतात. पण ही भोकं नीट बघा, शक्य झालं तर भिंगातून. काही वेडीवाकडी, फुटून पडलेली असतात. काही मात्र अगदी गोल असतात, बाहेरच्या बाजूने रुंद आणि आत निमुळती, बऱ्याचदा बिजागरीजवळच्या फुगीर भागावर. ही शिकारी समुद्री गोगलगायीने पाडलेली असतात. ती शिंपला कोरते आणि आतला जीव खाते. म्हणजे भोकांचे दोन ढीग लावता लावता मूल कारणावरून गट करू लागलं.

पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी काथ्याच्या दोरीची दोन वर्तुळं वाळूत मांडा. एकात पांढरे, दुसऱ्यात भोकाचे. पांढरा आणि भोकाचाही असेल, तो कुठे ठेवायचा? मुलं अडतात, शिंपला या वर्तुळातून त्या वर्तुळात हलवत बसतात. घाई करू नका. वर्तुळं एकमेकांवर सरकवायची कल्पना त्यांना सुचू द्या. दोन्हीकडे न बसणारे शिंपले बाहेर राहतात. त्यांना ओढूनताणून आत घालायचं नाही.

डोळ्यांना दिसत नाहीत असेही फरक असतात. रत्नागिरीजवळ असाल तर मांडवीची काळी वाळू घ्या, चांगली सुकवा, चुंबक कागदात गुंडाळून तिच्यावरून फिरवा. काही कण चिकटतील, काही नाही. काळे दिसणारे सगळे कण एकसारखे नाहीत, हे तिथेच कळतं. घरी शिंपला आणि जांभ्याचा खडा यांवर थोडं व्हिनेगर टाका. शिंपल्यावर बुडबुडे येतात, कारण तो कॅल्शियम कार्बोनेटचा असतो.

मासळीबाजारही सोडू नका. मावशींच्या टोपलीत बांगडा, कोळंबी, तिसऱ्या (खायचे शिंपले), मुशी (लहान शार्क) सगळं शेजारी शेजारी असतं. घरी साफ करताना मुलाला विचारा: आत काटा कुणाला आहे? कवच बाहेर कुणाला? मुशीत बांगड्यासारखा हाडाचा काटा नाही, तिचा सांगाडा कूर्चेचा, आपल्या कानात असते तशा लवचीक, असतो. आणि दापोली किंवा तारकर्लीच्या बाजूला डॉल्फिन दिसले, तर ते वर का येतात ते विचारा. श्वासासाठी! फुप्फुसं आणि पिल्लांना दूध, यांमुळे ते आपल्या गटात येतात. देवमासे आणि डॉल्फिन यांना स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनीयसने १७५८ साली सस्तन प्राण्यांत ठेवलं. त्याआधी त्यानेही ते माशांतच धरले होते.

आणखी एक प्रश्न विचारून बघा. आठ शिंपले मांडा, सहा पांढरे, दोन तपकिरी. “पांढरे जास्त की शिंपले जास्त?” सहा-सात वर्षांखालची पुष्कळ मुलं ठामपणे “पांढरे” म्हणतात. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी लाकडी मण्यांवर हाच प्रश्न विचारला होता. मोठ्या गटात लहान गट सामावतो, हे या वयात डोक्यात धरून ठेवणं अवघड असतं. रागावू नका, पाठही करून घेऊ नका; काही महिन्यांनी पुन्हा विचारा.

खेळ झाला की शिंपले पुळणीवरच ठेवून या. शंखी खेकडे रिकाम्या शंखांत राहतात, आणि काही जातींचे शंख १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीतही आहेत. पावसाळ्यात घरी आठळ्या, चिंचोके, काजूबिया आणि एक न सोललेला नारळ घ्या, पाण्याची बादली घ्या आणि आधी विचारा: तरंगणार कोण, बुडणार कोण?