सड्यावरच्या पावसाचं अमूर्त चित्र कसं करावं

अमूर्त चित्र करायचं ठरलं की बहुतेक जण लगेच कॅनव्हास आणतात आणि रंग ओतायला बसतात. तसं करू नका. आधी एक जागा ठरवा. जागा लहान असावी आणि घरापासून चालत जाता येईल अशी असावी, कारण तिथे पुन्हा पुन्हा जायचंय, वेगवेगळ्या महिन्यांत आणि वेगवेगळ्या उजेडात. मुंबईत राहत असाल तर इमारतीमागची ओल धरलेली भिंत चालेल. पुण्यात टेकडीवरचा काळा उघडा खडक चालेल, गोव्यात मिठागरातला एखादा चौकोन. मी रत्नागिरीला राहते, त्यामुळे माझी जागा म्हणजे जांभ्याचा सडा, म्हणजे जांभा दगडाचं उघडं पठार. पुढचं सगळं सड्यावरूनच सांगते. तुम्ही ते आपापल्या जागेला लावून घ्या.

सडा वरून काळपट, खरबरीत, अगदी उदास दिसतो. तोच दगड चिरेखाणीत कापला की आतून तांबडा निघतो, मध्येच पिवळा, कुठे पांढऱ्या मातीचे ठिपके, आणि सगळीकडे भोकंच भोकं. तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडचा. अगणित पावसाळ्यांनी मूळ खडकातलं विरघळण्याजोगं सगळं धुऊन नेलं. लोह आणि ॲल्युमिनियम विरघळले नाहीत, ते मागे राहिले. त्यांचा झाला जांभा. म्हणजे धुऊन धुऊन जे उरलं, तो हा दगड. माझ्या चित्राची पद्धत मी इथूनच घेतली आहे: रंग लावायचा, धुवायचा, खरवडायचा आणि उरेल ते ठेवायचं. निसर्ग कसा दिसतो यापेक्षा तो कसा घडतो हे कॅनव्हासवर करून बघायला लागलात, की अमूर्त चित्र समजायला आणि करायला दोन्ही सोपं जातं.

तर जागेवर जा. पहिली पंधरा मिनिटं पेन्सिल खिशात ठेवा. नुसतं बसा आणि काय घडतंय ते बघा. मग वहीत शब्दांत लिहा, चित्र अजिबात काढू नका. काय हललं, किती वेगाने, कुठे थांबलं, थांबलं तिथली कड धारदार होती की विरलेली. जूनमधल्या पहिल्या पावसातली माझी नोंद साधारण अशी असते: पाणी भोकांत शिरतंय, वर काही दिसत नाही. मग भोकं भरतात. एक भरलं की शेजारच्यात ओघळ. काळी साल भिजून आणखी काळी, चकाकते. ऊन आलं की खळगी आटतात आणि प्रत्येक खळगीभोवती गाळाचं कडं राहतं, कडेला गडद, आत फिकट. पुढे हिरवट बुरशीसारखा पातळ थर येतो, श्रावणाच्या सुमाराला जांभळी सीतेची आसवं आणि पांढरे गेंद. दिवाळीनंतर सगळं पिवळं.

या नोंदीतलं एकच घ्या. आटणारी खळगी घेतलीत तर फक्त आटणारी खळगी. फुलं, हिरवळ, आभाळ, सगळं एकाच चित्रात कोंबायचा मोह होतो. तो आवरा. एकेका गोष्टीचं एकेक चित्र होईल, घाई काय आहे?

फोटो काढावेत का, असं शिकायला येणारी मुलं हमखास विचारतात. काढा, पण जागेची आठवण म्हणून. चित्रकार नसरीन मोहमदींनी (१९३७–१९९०) वाळू, समुद्र, रस्त्यांवरच्या रेघा यांचे कृष्णधवल फोटो काढले. त्यांच्या हयातीत ते कधी प्रदर्शनात लागले नाहीत. शाईच्या आणि पेन्सिलच्या त्यांच्या रेखाटनांत त्या फोटोंची नक्कल नाही, नजर मात्र तीच आहे. फोनमध्ये बघत बघत चित्र केलं की हात आपोआप नकलेकडे वळतो, म्हणून काम करताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा.

आता माती. सगळे रंग ट्यूबमधले वापरले तरी चित्र होतं. पण जिथलं चित्र तिथलीच माती त्यात असली तर रंगाला जो भरीवपणा येतो तो ट्यूबमधून येत नाही, असं माझं ठाम मत आहे. कोकणाला हे नवं नाही; काव, म्हणजे लाल मातीचा रंग, वापरून इथली देवळं आणि घरं रंगली आहेत. चिरेखाणीच्या तोंडाशी पडलेला भुगा परवानगी घेऊन डबाभर आणा. उन्हात कडकडीत वाळवा, खलबत्त्यात कुटा, मैद्याच्या चाळणीने चाळा. कोरडी माती कुटताना नाकातोंडाला मास्क हवाच, ती बारीक धूळ फुप्फुसांना चांगली नाही. चाळलेली माती बादलीभर पाण्यात ढवळा आणि मिनिटभर थांबा. जाड वाळू तळाला बसते. वरचं लाल पाणी लगेच दुसऱ्या भांड्यात ओता. हे दोनतीनदा करा. मग ते लाल पाणी रात्रभर हलवू नका. सकाळी वर नितळ पाणी आणि खाली लोण्यासारखा गाळ दिसेल. पाणी हळूच काढून टाका आणि गाळ ताटात पसरून वाळवा. हाती येते ती पूड म्हणजे तुमचा रंग. लोहाचा रंग असल्यामुळे उन्हाने उडत नाही. हळद, बीट, पळसाची फुलं यांचे रंग सुंदर दिसतात, पण उजेडाने विटतात, म्हणून टिकाऊ चित्रात मी ते वापरत नाही.

पुडीला बांधायला कॅनव्हासवर ॲक्रिलिक मिडियम, म्हणजे ॲक्रिलिक रंगातला बिनरंगाचा चिकट द्रव, वापरा. काचेच्या तुकड्यावर एक चमचा पूड घ्या, थेंब थेंब पाणी घालून चपट्या नाइफने घोटा, सगळी पूड भिजली की साधारण तेवढंच मिडियम घालून पुन्हा घोटा. कागदावर लावून वाळू द्या आणि बोट घासा. बोटाला रंग लागला तर मिडियम कमी पडलंय, अजून घाला. बाभळीचा डिंक कागदावर छान चालतो. कॅनव्हासवर तो तडकतो आणि ओल्या फडक्याने परत सुटतो. लाकडाला लावायचा पांढरा गोंद सरावापुरता ठीक आहे, दमट हवेत तो मऊ पडतो.

बाकी सामान थोडकं. दोन बाय दोन फुटांचा ताणलेला सुती कॅनव्हास, गेसो (रंगाआधी कॅनव्हासला द्यायचं पांढरं अस्तर), आणि ॲक्रिलिकच्या ट्यूब: येलो ऑकर, बर्न्ट सिएना, रॉ अंबर, अल्ट्रामरीन आणि टायटॅनियम व्हाइट. रबरी रोलर, भिंतीला पुट्टी लावायची पत्र्याची पट्टी, फवाऱ्याची बाटली, २२० नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर, जुना सुती पंचा. काळा रंग विकत घेऊ नका. रॉ अंबर आणि अल्ट्रामरीन मिसळून जो काळा होतो तो सड्याच्या सालीच्या जास्त जवळ जातो.

एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा. जांभा भिजला की गडद होतो आणि वाळला की उजळतो. ॲक्रिलिकचं नेमकं उलट: ओलं असताना त्यातलं मिडियम दुधाळ असतं, वाळल्यावर ते पारदर्शक होतं आणि रंग गडद पडतो. म्हणून दगड समोर ठेवून ओल्या रंगाची छटा जुळवण्यात अर्थ नाही. कागदाच्या पट्टीवर रंग लावा, पूर्ण वाळवा आणि ती पट्टी जागेवर नेऊन दगडाशेजारी धरा.

कॅनव्हासला गेसोचे दोन हात द्या, पहिला आडवा, दुसरा उभा, मध्ये पॉलिश पेपर फिरवा. मग कॅनव्हास जमिनीवर आडवा टाका. इझल, म्हणजे चित्र उभं ठेवायची घोडी, नको. सड्यावर पाणी साठतं तसं कॅनव्हासवरही साठायला हवं.

पहिला थर ऑकरमध्ये थोडा पांढरा मिसळून पत्र्याच्या पट्टीने ओढा. कुठे जाड, कुठे इतका पातळ की गेसो दिसावा. वाळू द्या. त्यावर मातीचा रंग पातळ करून ओता. नुसत्या पाण्याने फार पातळ केलात तर रंगाची पकड जाते, म्हणून अर्ध्याहून जास्त पाणी नको, बाकीचा पातळपणा मिडियमने आणा. फवारा मारा, कॅनव्हास एका कोपऱ्यातून किंचित उचला, डबकी जिथे थांबायची तिथे थांबू द्या.

आता लक्ष देऊन बघा. डबकं कडेकडून वाळायला लागतं. रंगाचे कण पाण्याबरोबर कडेला सरकतात आणि तिथे बसतात. वहीत लिहिलेलं गाळाचं कडं इथे तुमच्यासमोर तयार होतंय. कड वाळली, मधला भाग अजून ओला आहे, अशी वेळ साधून भिजवून पिळलेल्या पंचाने मधला रंग टिपून घ्या. घासायचं नाही, टिपायचं. खालचा ऑकर उघडा पडतो आणि भोवती तांबडं कडं राहतं. ही वेळ घड्याळावर सांगता येत नाही. मार्चच्या उन्हात ती झटकन निघून जाते, जुलैत बराच वेळ वाट बघावी लागते. ओल्या भागाची चकाकी कडेकडून मंद होत येते, तीच खूण.

असे तीनचार थर द्या, प्रत्येक थर वाळल्यावरच पुढचा. जुनी कडी काही झाकतील, काही डोकावतील. मग काळी साल. रोलरवर अगदी थोडा काळपट रंग घ्या, आधी वर्तमानपत्रावर फिरवून जवळजवळ कोरडा करा आणि कॅनव्हासवरून हलक्या हाताने एकदाच न्या. रंग फक्त उंचवट्यांना लागतो, खळगे तसेच राहतात. चित्रकार वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) रोलर आणि पॅलेट नाइफने रंग चढवत आणि काढत, वर्षाकाठी मोजकीच चित्रं करत. आपल्या चित्रांना ते अमूर्त म्हणत नसत, नॉन-ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे कुठल्याही वस्तूचं चित्रण नसलेली, म्हणत. त्यांचं चित्र छापील पुस्तकात पुरतं कळत नाही. प्रत्यक्ष बघायची संधी आली तर बाजूने तिरकं बघा, थरावर थर कसा बसलाय ते तेव्हा दिसतं.

साल चढली की खरवडणं. पॉलिश पेपर भिजवा आणि निवडक जागी गोल गोल फिरवा. काळ्याखालून तांबडा, तांबड्याखालून पिवळा, फारच जोर लावला तर पांढरा येतो. कोकणात आणि गोव्यात देवळांवर कावी चित्रं करणारे कारागीर हेच करत: ओल्या चुन्यावर कावेचा लाल थर द्यायचा आणि तो खरवडून खालच्या पांढऱ्यात आकृती उघडायची. फरक एवढाच, की त्यांना काय उघडायचंय ते ठाऊक असायचं. आपल्याला खरवडत शोधायचंय. म्हणून थोडं खरवडा, उठा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघा, परत या.

हिरवा लावायचाच असेल तर शेवटी, एकाच जागी, ऑकर आणि अल्ट्रामरीन मिसळून. तो मळकट येतो आणि तसाच हवा.

अडचणी दोन येतात. पहिली, कुठेतरी ओळखीचा आकार दिसायला लागतो. कुणाला नकाशा दिसतो, कुणाला गणपती. एकदा दिसला की बघणाऱ्याची नजर तिथून सुटत नाही. त्या आकाराची एखादी कड पाण्याने किंवा पेपरने मोडा, पुरतं. दुसरी जास्त अवघड: सगळीकडे सारखीच गजबज होते. इथे हात जड करून निम्मा कॅनव्हास एकाच रंगाच्या पातळ थराखाली शांत करावा लागतो, कितीही सुंदर कडी गेली तरी. जीव तुटतो, पण करा. फोनवर कृष्णधवल फोटो काढून बघितलात तर गजबज कुठे आहे ते लगेच कळेल. फोन परत आणायची वेळ ही.

झालं असं वाटलं की चित्र भिंतीकडे तोंड करून आठवडाभर ठेवा. नंतर ते सड्यावर न्या आणि सावलीत दगडाला टेकवून ठेवा. दगडासारखं दिसतंय का हे बघू नका. दगडाशेजारी ते खोटं, गुळगुळीत, सजवलेलं वाटतंय का, ते बघा. तसं वाटलं तर बहुतेक वेळा उपाय एकच असतो: आणखी थोडं काढून टाकायचं.

व्हार्निश पावसाळ्यात लावू नका, दमट हवेत ते पांढुरकं पडतं. दिवाळीनंतरची कोरडी हवा धरा, मॅट व्हार्निशचे दोन पातळ हात पुरतात. टांगताना मागे बोटभर जागा सोडा, नाहीतर कोकणातल्या ओल्या भिंतीला लागून कॅनव्हासच्या पाठीला बुरशी धरते. उजेड बाजूने पडेल अशी भिंत निवडा; समोरच्या ट्यूबलाइटमध्ये खरवडलेलं काही दिसत नाही. उरलेली माती बरणीत भरून तिच्यावर जागा आणि महिना लिहा. दोन खाणी अगदी शेजारी असल्या तरी त्यांचा तांबडा एक नसतो.