हिमॅटोकॉकस शैवालातून लाल रंगद्रव्य

गोड्या पाण्यातले हिमॅटोकॉकस हे हिरवे शैवाल उपाशी ठेवून प्रखर उजेडात धरले की ॲस्टाझँथिन हे लाल रंगद्रव्य साठवते. चांगल्या कल्चरमध्ये (द्रावणात वाढवलेल्या शैवालात) ते कोरड्या वजनाच्या ३ ते ४ टक्के भरते. पण लाल रंगाची घाई नडते. हिरव्या टप्प्यात पेशी पुरेशा वाढल्या नसतील, तर नंतर कितीही ताण दिला तरी हाती फार थोडे लागते.

माध्यम, म्हणजे वाढीचे पोषक द्रावण, बोल्ड बेसल नावाचे. लिटरला सोडियम नायट्रेट २५० मिलिग्रॅम, मोनोपोटॅशियम फॉस्फेट १७५, डायपोटॅशियम फॉस्फेट ७५, मॅग्नेशियम सल्फेट ७५, कॅल्शियम क्लोराइड व मीठ प्रत्येकी २५, शिवाय सूक्ष्म मूलद्रव्यांचे द्रावण. कॅल्शियम वेगळे विरघळवून शेवटी घाला, नाहीतर फॉस्फेटबरोबर साका बसतो. सामू ७ च्या आसपास ठेवून निर्जंतुक करा.

दहा टक्के विरजण (आधीचे वाढते कल्चर), २० ते २५ अंश तापमान, ४०-५० मायक्रोमोल (दर चौरस मीटरला, दर सेकंदाला) उजेड. हवा गाळून, अगदी हळू सोडा. पोहणाऱ्या पेशींचे आवरण नाजूक असते, जोराच्या बुडबुड्यांनी त्या फुटतात. तापमान ३० च्या वर गेले की त्या शेपट्या टाकून गोल होतात आणि विभाजन थांबते. त्यामुळे आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये थंड खोलीला पर्याय नाही.

मिलिलिटरमागे दोन-तीन लाख पेशी झाल्या की निवळू द्या, वरचे पाणी काढा आणि नायट्रेट नसलेले माध्यम घाला. लगेच झगझगीत उजेड नको, पोहत्या पेशी पांढऱ्या पडून मरतात. बहुतेक पेशी गोल झालेल्या सूक्ष्मदर्शकात दिसल्या की मगच २०० ते ३०० मायक्रोमोलपर्यंत न्या. लाली केंद्रकाभोवती सुरू होऊन कडेला पसरते. आठवडा उलटूनही कल्चर हिरवेच असेल, तर बहुधा ते फार दाट आहे आणि आतल्या पेशींना उजेड मिळत नाही, पातळ करा. सोडियम ॲसिटेटने लाली लवकर येते, पण जिवाणूही फोफावतात, म्हणून ते फक्त शुद्ध कल्चरलाच द्या.

पेशींचे गठ्ठे होऊन कल्चर तपकिरी पडले, तर परजीवी बुरशीची शंका घ्या. ते वाचवत बसू नका. ऑटोक्लेव्ह करूनच, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक करूनच फेका.

लाल पेशींची भिंत इतकी जाड असते की नुसते ॲसिटोन आत शिरत नाही. वाळवलेला गाळ अर्ध्या मिलिमीटरच्या काचमण्यांसह थंड ॲसिटोनमध्ये, मंद उजेडात घुसळा. गाळ फिका पडेपर्यंत ॲसिटोन बदलत राहा. जवळपास ज्योत नको. अर्क गडद बाटलीत, उणे २० अंशांवर ठेवा. उजेड आणि ऑक्सिजन दोन्ही रंग उडवतात.